तोंडातली चवली

ही गोष्ट खरी आहे.

खोटी वाटेल त्यानं इथंच थांबावं. मला कुणाला पटवायचं नाही. मला राग आलाय, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नाही, म्हणून लिहिते.

भुताच्या गोष्टी सगळे रात्रीच्या सांगतात. आमच्या घरात जे झालं ते भर दुपारी झालं. ऊन पडलेलं. ओट्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. शेजारच्या घरात टीव्ही चालू.

२०२२ सालचा ऑक्टोबर. दसरा होऊन चार दिवस झाले होते. हिर्डोशीच्या वर, डोंगराच्या कडेला आमची वाडी आहे. बावीस उंबऱ्यांची. नाव लिहीत नाही. माझ्या मुलानं तेवढं वचन माझ्याकडून घेतलंय.

माझे मालक कोंडिबा अंथरुणाला खिळले होते. सत्त्याहत्तर वय. तोंडात एक दात राहिला नव्हता. भोरला करून घेतलेली कवळी खिडकीतल्या स्टीलच्या पेल्यात पडलेली असायची. डॉक्टर बघून गेले. म्हणाले, आता हलवू नका, आज-उद्याचं आहे.

आज-उद्या करत सात दिवस गेले.

पाणी घशाखाली उतरत नव्हतं. बोलणं बंद. डोळे मात्र टक्क उघडे. छातीचा भाता चालूच.

वाडीतल्या बाया येऊन बसायच्या. आधी मालकांकडं बघायच्या... मग माझ्या गळ्याकडं.

कारण माझ्या गळ्यात चवली होती.

चवली म्हणजे जुनं दोन आण्याचं नाणं. चांदीचं, पातळ, अंगठ्याच्या नखाएवढं. वर कडी डाकवलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेली. ती माझी नव्हती. ठकुबाईची होती.

ठकुबाई माझी सवत. मी तिला पाहिलेलं नाही. ती ताप येऊन गेली आणि वर्षानं माझं लग्न झालं. आमच्याकडं रीत आहे. पहिली मेली की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाची चांदी बांधतात. कुणी टाक बांधतं, कुणी नाणं. नवी साडी आधी तिला टेकवायची, मग आपण नेसायची. जेवताना पहिला घास तिच्या नावानं बाजूला. अमावस्येला तिचं वेगळं ताट. मग ती कोपत नाही म्हणतात.

माझी हळद निघायच्या आत आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, ती चवली माझ्या गळ्यात घातली.

"काढायची न्हाई," त्या म्हणाल्या. "घासायची न्हाई. चिंच न्हाई, राख न्हाई, काय न्हाई. कोरड्या फडक्यानं पुसायची. आन कोंडिबा जाईल तवा त्याच्या तोंडात घालायची. मंग ती बी सुटली आन तू बी."

मी सतरा वर्षांची होते. मी मान हलवली.

पन्नास वर्षं ती माझ्या छातीवर होती. त्यावर हळदकुंकू बसलं, घाम बसला, चुलीचा धूर बसला. पार खपलीसारखी झाली. मी तिच्याशी बोलायचे. हसू नका. नवरा दिवसभर भाताच्या खाचरात, सासू तोंडाची फटकळ. बोलणार कुणाशी? मी म्हणायचे, ठकू, आज भात करपला बघ. ठकू, आज मला मारलं बघ.

आठव्या दिवशी अमृत मला म्हणाला, "आई, काढ आता ती. घाल आबांच्या तोंडात. किती हाल बघायचं?"

अमृत माझा एकुलता एक. त्याचं बरोबर होतं. मी दोरा तोडला.

तेवढ्यात सून पुढं आली. शेफाली. माहेर भोरचं, आमच्या खालच्या गावात अंगणवाडीवर काम करते. स्वच्छतेचं तिला फार.

"आई, हे असंच तोंडात घालणार? केवढा मळ आहे त्याच्यावर. आधी धुवा तरी."

"धुवायची न्हाई ती."

"का पण?"

मला का ते ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. मला माझाच राग आला.

शेफालीनं सरळ भोरला केशव सोनारांना फोन लावला. तिच्या माहेरची ओळख.

"ताई, घासू नका," फोनमधून ते म्हणाले. मी ऐकत होते. "जुनं नाणं घासायचं नसतं. तो काळा थर म्हणजे त्याचं कातडं. चिंचेनं नाहीतर पावडरीनं उतरवलं की गेलं ते. परत येत नाही. अगदीच गरज असेल तर रिठे भिजवा, त्या पाण्यात ठेवा आणि मऊ कापडानं टिपून घ्या."

सासू नको म्हणून गेलेली. सोनार नको म्हणतो. आणि मरत्या माणसाच्या तोंडात मळ कसा घालायचा, हे सुनेचंही खरंच.

मी रिठे भिजवले.

दुपारची वेळ. मी ओसरीवर पितळी घेऊन बसले. पहिलं पाणी पिवळं-तांबडं झालं. ती माझी हळद, माझं कुंकू. ओतून दिलं. दुसरं पाणी काळं झालं. ओतून दिलं.

तिसऱ्या पाण्याला रंग आला नाही...

वास आला. रॉकेलचा.

आमच्या घरात रॉकेल यायचं बंद होऊन किती वर्षं झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. काही नाही. शेजारी विचारलं. काही नाही. परत येऊन पितळीवर वाकले. वास त्यातूनच येत होता.

तिथंच थांबायला हवं होतं. नाही थांबले. वरचा मळ गेला होता, पण खालचा काळा थर हलत नव्हता. तो मळाचा नव्हता. भांडं चुलीत पडलं की त्याच्यावर धरतो, तसला होता. मी ईर्षेला पेटले. म्हटलं, जी बाई मी पन्नास वर्षं छातीवर वागवली तिचं तोंड तरी बघू दे. मी चिंच घेतली, मीठ घेतलं आणि घासली.

चांदी वर आली.

चवली वाकलेली होती. मळामुळं ते कधी कळलं नव्हतं. आणि नाण्यावरच्या राजाच्या डोक्यावर दोन खळगे होते. शेजारी शेजारी, रुंद. उलटून पाहिली. मागं तीन खळगे. बारीक, एका ओळीत.

वर दोन. खाली तीन.

सोनाराच्या सांडशीचे असतील, असं वाटलं. पाणी उडवायला फुंकर मारावी म्हणून मी ती तोंडाजवळ नेली. काय झालं कोण जाणे... मी ती दातांत धरली.

माझे पुढचे दात त्या खळग्यांत जाऊन बसले. वरचे दोन वर. खालचे तीन खाली. बरोबर बसले.

मी चवली थुंकून टाकली.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

कर्र... कर्र... कर्र...

शेफाली भाजी निवडत होती. तिनं मान वर केली.

"आई, आबा दात खातायत वाटतं."

आम्ही दोघींनी एकदमच खिडकीकडं बघितलं.

कवळी पेल्यात होती.

आम्ही आत गेलो. त्यांचे ओठ मिटलेले. जबडा हलत नव्हता. तरी आवाज येत होता, अगदी त्यांच्या उशापासून. मी वाकले तसा थांबला.

मी चवली पांढऱ्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली. अमृतला काही बोलले नाही. त्या दिवशी अमावस्या नव्हती, तरी मी ठकूचं ताट वाढलं आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. रोजचं कुत्रं आलं, ताटाकडं बघितलं आणि आल्या पावली मागं सरत गेलं. कावळा उतरला नाही. मुंगीसुद्धा लागली नाही. संध्याकाळी भाकरी होती तशी उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फडकं सोडलं.

चवली काळी झाली होती. पहिल्यासारखी.

हात लावला... गरम होती. चुलीतून काढल्यासारखी.

अमृतला ते काही सांगायचं नव्हतं, पण तो मागंच उभा होता. "आण इकडं," म्हणाला. मरणाच्या दारातला बाप दिसत होता त्याला, त्याचा काय दोष. फडक्यानं धरून त्यानं ती बापाच्या ओठांपाशी नेली.

आठ दिवस मान न हलवलेल्या माणसानं मान फिरवली. ओठ आवळून घेतले. अमृतनं बोटानं उघडायला बघितलं. दात नसलेलं तोंड ते, चमचा घातला तरी उघडावं. उघडलं नाही. आणि त्या बंद तोंडाच्या आतून पुन्हा...

कर्र... कर्र...

अमृतच्या हातातून चवली गळाली. त्याची बोटं भाजली होती.

"आई, काय हाय हे?"

"तुझ्या बापाला विचार," मी म्हणाले. आणि मग मीच विचारलं. त्यांच्या उशाशी बसले, चवली त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "अवो. ह्ये दात कुणाचं हायत?"

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मला सगळं कळलं नव्हतं. पण त्यांना ठाऊक आहे, एवढं कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नास वर्षं ती माझ्या गळ्यात, आणि ठाऊक ह्यांना.

"सांगितल्याबिगर ही तोंडात पडायची न्हाई," मी म्हणाले. "मंग म्हैना लागू द्या न्हाईतर वरीस."

"आई, तू माणूस हायेस का?" अमृत ओरडला. "बापाला सुखानं मरू दे की."

"तिला मरू दिलं का सुखानं? ईचार त्यांना."

"पन्नास वर्सांपूर्वीचं मढं उकरून काढतीस तू."

"म्या न्हाई उकरलं. म्या नुसतं धुतलं."

तो तणतणत बाहेर गेला. मी शेफालीला म्हणाले, ठकूचा भाऊ असेल तर शोध. गेनू नाव. वेल्ह्यातला, केळदच्या बाजूचा. ठकू गेल्यापासून त्या घरानं आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. का, तेही मला कुणी सांगितलं नव्हतं. शेफालीनं केळदच्या एका जीपवाल्याला गाठून नंबर काढला. मी फोनवर एवढंच म्हणाले, "म्या फुला. ठकूच्या जागी आलेली. कोंडिबा मरायला टेकलेत आन ठकूचं काहीतरी पोटात ठिऊन चाललेत. याल का?"

पलीकडून म्हातारा म्हणाला, "येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. नात सोनिया, तिच्या स्कूटीवर मागं बसून. एकाहत्तर वर्षांचा माणूस, काठीसारखा ताठ. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो डोळ्यांना लावला आणि खाली ठेवला. प्यायला नाही.

आत जाऊन तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"दाजी, गेनू आलाय," तो म्हणाला.

नऊ दिवस तोंडातून शब्द न काढलेले माझे मालक बोलायला लागले. आवाज स्वच्छ. तरण्या माणसासारखा. अमृत दाराशी उभा होता, शेफाली होती, सोनिया होती. सगळ्यांनी ऐकलं. मी शब्दाला शब्द लिहिते आहे.

"दोन दिस ताप व्हता. तिसऱ्या दिशी सकाळी हाक मारली, ओ देईना. अंग गार. आय म्हनली, गेली." ते थांबले. "भाईर इरजिकीची माणसं, एकमेकांची भातं लावणारी, आली व्हती. सगळ्या वाडीची भातं लावून झालती, आमचंच खाचर राह्यलं व्हतं. बा म्हनला, माहेरची येईस्तवर थांबलो तर आजचा दिस गेला. उद्या माणसं मिळायची न्हाईत. रोपं पिवळी पडतील. उचला."

"चवली कुणी घातली तोंडात?" मी विचारलं.

"आयनं. सोनं न्हवतं घरात... लाकडं वली. रॉकेलचा डबा वतला. म्या अग्नी दिला. आन मंग आवाज आला."

"कसला?"

"दातांचा."

ते छताकडं बघत बोलत होते.

"म्या वळलो, फुला. म्या दोन पावलं टाकली व्हती. बानं दंड धरला. म्हनला, वलं लाकूड बोलतंच. चल."

"आन?"

"आन म्या गेलो. चिखल करायचा व्हता."

मी तुम्हाला काय सांगू. मी त्या माणसाबरोबर पन्नास वर्षं जेवले. त्या खाचरातला भात जेवले.

"तिसऱ्या दिशी राख सावडताना आयला चवली घावली," ते म्हणाले. "आयनं बघितली आन पदरात टाकली. त्या दिसापासनं घरात दुपारचं दात वाजाय लागलं. भगत म्हनला, दुसरी करा आन तिच्या गळ्यात घाला. जित्या माणसाच्या छातीवर ती निजंल. पर घासू नका. दातांच्या खुणा ज्यो त्यो बघंल."

म्हणजे ती रीत नव्हती. रीतीच्या आड लपवलेलं होतं ते. म्हणजे मी त्या घरात बायको म्हणून आलेच नव्हते. मी झाकण होते. तिचं तोंड झाकायला आणलेलं झाकण.

गेनूदादा तसाच उभा होता.

"आमी आलतो त्या दिशी," तो म्हणाला. "केळदच्या खिंडीतनं, पावसात. बाच्या हातात साडी व्हती. लेकीला शेवटची माहेरची साडी नेसवायची म्हनून. तुमी खाचरात व्हता, दाजी. तुमच्या हातात रोपं व्हती. बा बांधावर हुबा राह्यला आन तुमी मान वर केली न्हाई. आमाला वाटलं, दुःखानं."

माझ्या मालकांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

"चवली द्या," गेनूदादा मला म्हणाला.

अमृत पुढं आला. "आन आबांच्या तोंडात काय घालायचं?"

"रुपाया घाला. बंदा. लई मिळत्यात," गेनूदादा म्हणाला. त्यानं चवली उघड्या तळहातावर घेतली. मी बघत होते. त्याला ती भाजली नाही. त्यानं ती बंडीच्या खिशात ठेवली, वरून हात धरला आणि निघाला. माफ केलं म्हणाला नाही. शिवीही दिली नाही.

स्कूटीचा आवाज वळणावर गेला, तसे माझे मालक गेले.

तोंड उघडं पडलं. नऊ दिवस मिटलेलं तोंड, असं उघडलं की मिटेना. फडक्यानं हनुवटी बांधावी लागली.

मी ओरडले नाही, रडले नाही. मी दारात बसले.

"उद्यापातूर उचलायचं न्हाई," मी म्हणाले.

वाडीतली माणसं चुळबुळायला लागली. लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलेलं. अमृतनं दुसऱ्या दिवसाची माणसं सांगून ठेवली होती.

"आई, ऊन हाय. आज उरकून घेतलं तर उद्याची कापणी..." तो बोलता बोलता थांबला. माझं तोंड बघून थांबला. तरी त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं. मला दिसत होतं.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, कागद लिहून दिला. मी म्हणाले, परत बघा. त्यांनी परत बघितलं. मग मी रात्रभर त्या माणसाच्या छातीवर हात ठेवून बसले. प्रेमानं नाही. ज्यानं तिच्यासाठी एक दुपार थांबवली नाही, त्याच्यासाठी मी एक अख्खा दिवस थांबवला. त्याला कळू दे, थांबता येतं.

तोंडात काही घातलं नाही. त्यानंतर घरात तो आवाज कधी झाला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

दिवाळी झाल्यावर सोनियाचा फोन आला.

"आजी, चवलीला तुमी काय लावलं होतं?"

"का गं?"

"आजोबांनी ती आमच्या देव्हाऱ्यात ठेवलीय. कुणी हात लावत नाही. पण ती रोज पांढरी होतीय. काल राजाचा कान दिसायला लागला. आणि ते खळगे आहेत ना... ते भरत आलेत."

"आन आजोबा कसं हायत?"

"मजेत. लई बोलतात हल्ली. दुपारी दोन ताटं वाढायला लावतात. पाहुणी आलीय म्हणतात. त्यांनी जुनी साडी काढलीय पेटीतली, ती पाटावर ठेवतात. आणि आजी... दुसरं ताट रिकामं होतं. पुसल्यासारखं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. वाटलं, पोचली एकदाची माहेरी.

पुढच्या महिन्यात परत फोन. "आजोबा आता तीन ताटं मांडा म्हणतात."

"तिसरं कुणाला?"

मला दोनदा विचारावं लागलं.

"तुमाला. म्हणतात, ती एकटी जेवत नाही. पन्नास वर्षं फुलासंगं जेवायची सवय हाय म्हणे तिला. तुमी कधी येणार, असं विचारती म्हणे."

मी फोन ठेवून दिला.

मी गेले नाही. तिचं जे झालं ते मी केलं नाही. मी तिचा एक घास चुकवला नाही, एक अमावस्या चुकवली नाही. तिला पन्नास वर्षं गळ्यात वागवली, तिच्या नवऱ्याकडून सगळं वदवून घेतलं. तिनं आता मला बोलवू नये. राग कुणावर काढायचा ते तिलाही कळायला पाहिजे.

पण सोनिया दर अमावस्येला फोन करते. बिचारी घाबरलेली असते. सांगते, तिसरं ताट वाढलं होतं तसंच उचललं. मी हं म्हणते. असं बरेच महिने चाललं.

मागच्या अमावस्येला तिचा फोन संध्याकाळी आला.

"आजी... तिसऱ्या ताटातली अर्धी भाकरी नव्हती."

मी हसण्यावारी नेलं. मांजर असेल म्हणाले. फोन ठेवला. मग बघितलं तर शेफाली दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिचा चेहरा दुपारपासूनच उतरलेला होता.

"आई, दुपारी तुम्ही जेवला नाहीत," ती म्हणाली. "जेवायला उठवत होते तुम्हाला. चार हाका मारल्या. ओ दिली नाहीत. हात लावला तर अंग गार. नाडी मला लागेना."

"मंग?"

"मग काय. बसले हात धरून. तासाभरानं तुम्ही डोळे उघडलेत आणि पाणी मागितलंत."

मला त्यातलं काही आठवत नाही. नुसती झोप लागली होती. एवढंच की त्या दिवशी दिवसभर मला भूक लागली नाही.

परवा अमावस्या आहे. त्या दिवशी दुपारी घरी थांब, असं मी शेफालीला सांगितलंय. ती म्हणाली, अंगणवाडीची तपासणी आहे, बघते सुट्टी मिळाली तर.

अमृत घरी असतो. पण त्याला मी काही सांगितलेलं नाही. त्याला सगळ्याचीच घाई असते.